न सारवलेली वीत

९ मे. आज खोडाळ्यात एका नव्या घरात भिंतींच्या कडेने फरशीला भोकं पाडून उधईचं, म्हणजे वाळवीचं, औषध घालायचं काम आहे. ड्रिल, नळी, नरसाळं, औषधाचा डबा, हातमोजे, सगळं ओसरीवर उतरवून झालं आणि लाईट गेली. वायरमनला फोन केला तर म्हणाला, "येतेय, येतेय." त्याची लाईट नेहमीच वाटेत असते. तेव्हा बसल्या बसल्या आमच्या घरच्या उधईचं प्रकरण लिहायला घेते. माझ्यासोबतच्या दोघी बायका सावलीत करवंदं खात बसल्या आहेत आणि घराची मालकीण दर थोड्या वेळाने येऊन विचारते आहे, "पण ताई, घर तर सिमेंटचं आहे. सिमेंट कशी खाईल उधई?" सिमेंट खात नाही, बाई. सिमेंटच्या फटीतून वर येते आणि तुमचं कपाट खाते. कपाट सरकवून पाहिलं तर मागच्या भिंतीवर मातीच्या नळ्या होत्या, पेन्सिलीएवढ्या जाड, आणि त्यांवरून रंगाचा हात फिरवलेला. "डाग दिसायचे ना," ती म्हणाली, "म्हणून दोनदा रंग दिला." मला हसू आलं. तिला वाटलं मी तिलाच हसते. मी हसत होते माझ्या आईला, आणि आई आज इथे असती तर तीही हसली असती.

आमचं घर साखरशेतला, पाड्याच्या अगदी टोकाला. घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काड्या उभ्या बांधून त्यांना दोन्हीकडून शेणमातीचा लेप, वर कौलं, आणि छपराला आधार सागाच्या मेढींचा. आमच्याकडे जमिनीत पुरलेल्या उभ्या खांबाला मेढ म्हणतात. आत एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला चूल, आणि मधे भात-नागलीच्या कणग्या. पहाटे आई जात्यावर नागली, म्हणजे नाचणी, दळायची तेव्हा जात्याची घरघर आणि बैलांचं रवंथ करणं एकाच लयीत चालायचं. मी आश्रमशाळेतून उन्हाळ्याच्या सुट्टीला आले की पहिले काही दिवस त्या आवाजाने मला उलट गाढ झोप लागायची. मे महिन्यात खाणं चैनीचं असायचं. नागलीची भाकर, उडदाचं पिठलं, निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, आणि आंबे इतके की जेवणाला जागा उरू नये. आंबा खाऊन कोय मागच्या दारी फेकायची. तिथेच भांड्यांचं पाणी जायचं, तिथेच कोंबड्या, आणि तिथेच पावसाळ्यासाठी तोडून आणलेलं सरपण मागच्या कुडाला टेकून पागोळीखाली रचलेलं. पाड्यातल्या प्रत्येक घराची पाठ अशीच लाकडांनी झाकलेली असायची. ज्याची रास उंच, त्याच्या घरची बाई कामाची.

आईची रास उंच होतीच, पण तिचं नाव होतं ते सारवण्यासाठी. तिच्या भिंतींना भेग म्हणून नसे. शेणात ती कोणती माती किती घालायची ते कुणाला सांगत नसे. सारवताना हाताची अर्धी चंद्रकोर उमटायची ती ओळीने अशी बसायची की मोजपट्टीने आखलीय असं वाटावं. भिंतीवर कुठे मातीची बारीक रेघ उठलेली दिसली की त्याच दुपारी आई शेणाची पाटी घेऊन हजर, आणि रेघ गायब. आई बोलायची कमी. पाड्याच्या मधोमध माझ्या काकाचं घर, तिथे आम्ही आधी एकत्र राहत होतो, आणि काकी सूर्य उगवल्यापासून माणसं झोपेपर्यंत बोलायची. वाईट नव्हती. आजारपणात धावून यायची, सणाला आमच्या वाटचं आधी काढून ठेवायची, पण हे सगळं करताना तोंड चालू. आईने बाच्या मागे लागून लागून हे टोकाचं घर बांधून घेतलं ते काकीच्या हाकेच्या अंतराबाहेर. तिने कधी तसं सांगितलं नाही, पण नव्या घरातल्या पहिल्या दुपारी ती नुसती ओट्यावर बसून होती, काहीच न करता, हे मला पक्कं आठवतं. आईला मी काही न करता बसलेलं फार वेळा पाहिलेलं नाही.

हे घडलं त्या सुट्टीत मी पंधराएक वर्षांची असेन. एके सकाळी बाने मागच्या कोपऱ्यातल्या मेढीवरच्या खुंटीला कोयता अडकवायला हात वर केला आणि खुंटी कोयत्यासकट त्याच्या हातात आली. तिच्यामागून भसाभसा माती गळली आणि मातीतून पांढरे किडे. बाने मेढीत बोट खुपसलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. बाहेरून मेढ गुळगुळीत, आईने बुडाशी छान सारवलेली, आणि आतून मधाच्या पोळ्यासारखी पोकळ. बा बराच वेळ बोट तसंच ठेवून उभा राहिला, जणू काढलं तर छप्पर खाली येईल.

"जागेतच उधई हाय," तो शेवटी म्हणाला. "खालून सगळी पोखरली असंल. पाऊस यायच्या आत उठायला पायजे."

संध्याकाळपर्यंत काकाशी बोलणं झालं. काकाच्या अंगणात जागा मोकळी होती. आमच्याकडे घर उतरवायचं आणि उभारायचं म्हणजे सगळ्या पाड्याचं काम. गडी दोर घेऊन येतात, कौलं, वासे, चांगल्या मेढी खांद्यावर वाहून नेतात, आणि घरधनी त्यांना पोटभर जेवायला घालतो. दिवसही ठरला. काकी स्वतः निरोप घेऊन आली. "बरं झालं गं सखे," ती आईला म्हणाली, "टोकाला एकटी पडलेलीस. आथा बघ, चूल चुलीला लागून. मी इकडून बोलीन, तू तिकडून आयक." आईने मान हलवली. तिच्या तोंडावरचा भाव मी नंतर दाताच्या डॉक्टरकडे बसलेल्या माणसांच्या तोंडावर पाहिला आहे.

आई बोलली नाही, पण स्वस्थही बसली नाही. बाने जव्हारच्या बाजारातून बिब्ब्याचं तेल आणलं होतं, न्यायच्या मेढींच्या बुडांना लावायला. बिब्ब्याच्या वासाला उधई जात नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. बा शेतावर गेल्यावर आईने ती बाटली घेतली आणि सडलेल्या मेढीला, कुडाला, दिसेल तिथे चोळली. काडीला चिंधी बांधून लावायचं तेल, पण आईला धीर कुठला? सारवायच्या हातानेच चोळलं. दुपारपर्यंत बिब्बा उतला. दोन्ही तळवे सुजून भाकरीएवढे, वर टरटरून फोड. उधईला काय झालं ते कळलं नाही, पण आईचे हात खोबरेल तेलात माखून चिंध्यांत गुंडाळले गेले आणि आमच्या घरात कधी न घडलेली गोष्ट घडली: सारवणं बंद पडलं.

मी करून पाहिलं. अर्धी भिंत सारवून झाल्यावर आई येऊन मागे उभी राहिली. "हे काय कोंबड्या नाचवल्यास कं भिंतीवर?" ती म्हणाली. "पूस ते. माझे हात बरे होतील तवा मी बघीन. तोवर हात लावायचा नाय." मी आनंदाने पाटी धुऊन पालथी घातली. आजही कुणी मला सारवायला सांगितलं तर मी दोन ड्रिल जास्त मारायला तयार आहे.

म्हणजे बरेच दिवस भिंत तशीच राहिली. आणि भिंत वाळत गेली तशी ती बोलायला लागली. आधी मागच्या कुडाच्या बुडाशी एक ओली रेघ उठली. मग तिला फांदी फुटली. मग दुसरी. आमच्या भिंतीचाच रंग, आमच्याच मातीच्या नळ्या, वर चढत चढत मेढीकडे निघालेल्या. मला करायला काही नव्हतं, मी केसातला आकडा काढून एका नळीचं बोटभर छप्पर उडवलं. आतून किडे सैरावैरा पळाले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर भोक बुजवलेलं, ताज्या ओल्या मातीने, आणि इतकं सफाईदार की मला आईची आठवण झाली. आई तिथेच होती, म्हणून तिला बोलावून दाखवलं.

"आये, हे बघ. तुझ्यासारखंच सारवतात."

आईने पाहिलं. "मी सारवते म्हनून उधई लागली, असं म्हनतेस?"

"लागली नाय म्हणत. झाकली म्हणते. तू रेघ दिसली की वरून हात फिरवतेस. त्यांचं छप्पर तू घालतेस. ऊन नाय, वारा नाय, कोंबडी टोचत नाय. खालून मजेत जातात."

मला वाटलं आता चिंधीसकट हात पाठीत बसणार. पण आई भिंतीकडे बघत राहिली. सगळ्या पाड्यात नावाजलेली ती भिंत. मग ती खुदकन हसली. "म्हणजे मी इतकी वर्सं त्यांच्या घरचं काम करत व्हते," ती म्हणाली. आणि लगेच, हसू पुरतं मावळायच्या आत, "आकडा दे इकडं. नाय, तूच धर. मी सांगते तिथं फोड."

माणसाची हुशारी म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं. मी एक नळी फोडली होती गंमत म्हणून. आईने मला घराच्या चारी बाजूंनी फिरवलं. जिथे जिथे रेघ होती किंवा असावी असं वाटलं, तिथे तिथे लेप खरवडायला लावला आणि नळी उघडी पाडली. "उद्या बघू, कुठल्या भरतात." दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पुढच्या आणि बाजूच्या भिंतींवर काही नव्हतंच, होतं ते जुनं, वाळलेलं. भरलेल्या सगळ्या मागच्या कुडाला. आणि त्या सगळ्या खाली जात होत्या त्या रचलेल्या सरपणाच्या मागे. मी लाकडं काढू लागले. खालचा थर हातात भुगा होऊन येत होता. तळाशी निघाला ऐनाच्या झाडाचा जुना खुंट. घर बांधताना तोडलेला, जमिनीतच राहिलेला, भांड्यांच्या पाण्याने बारा महिने ओला. खुंटापासून जमिनीतून एक वाट बाहेर गेली होती, थेट वारुळाकडे.

हे वारूळ म्हणजे बाचा जीव की प्राण. पावसात त्यावर अळंबी यायची, छत्रीएवढी पांढरीशुभ्र, आणि बा ती स्वतः उपटून आणायचा, स्वतः चिरायचा, मसाला कमी घालायला सांगायचा आणि जेवताना कुणाशी बोलायचा नाही. वारुळाला कुदळ लागली असती तर बाने घरच सोडलं असतं.

संध्याकाळी बा आल्यावर आईने त्याला ओट्यावर बसवलं आणि माझ्या हातात मुसळ दिलं. "ठोक," ती म्हणाली. मी पुढच्या मेढीवर ठोकलं. टण. दुसरीवर. टण. अशी एकेक मेढ ठोकत मागच्या कोपऱ्यात आले. भद.

"एकच गेलीय," आई म्हणाली. "जागा नाय गेली. मागून येतात, लाकडांतून."

"आणि वारूळ?"

"वारूळ राहू दे जिथं हाय तिथं. तुमची अळंबी तुमाला. आमी मधली वाट तोडतो."

बाने डोकं खाजवलं. बाला पटत होतं, पण अडचण वेगळी होती. "पाड्याला सांगितलंय गं. परवा माणसं येणार. दादानं जागा करून ठेवली. आथा काय सांगू, बायको नको म्हणते?"

"सांगा पोरीनं मुसळ मारलं म्हणून."

बा उठला, आकडा मागितला आणि मागच्या भिंतीवरची सगळ्यांत जाड नळी वीतभर उघडी केली. "वाट तोडायची तर उद्या तोडा. ही मी फोडून ठेवतो. परवा सकाळी माणसं येतील तवा ही भरलेली दिसली तर घर उतरवायचं. मग बोलायचं नाय."

आईने चिंध्या बांधलेले हात कमरेवर ठेवले. "नाय बोलनार."

म्हणजे एक दिवस हातात होता. आई हुकूम देत होती आणि मी कुदळ मारत होते. सगळं सरपण ओढून अंगणापलीकडे दगडांवर रचलं, जमिनीला न टेकवता. बाने न सांगता येऊन खुंट उपटला, मुळं तोडून जाळली. भांड्यांच्या पाण्याला चर काढून ते केळीकडे वळवलं. मग मागच्या कुडाला लागून चर खणला आणि काकाकडे शेतीसाठी आणलेलं उधईचं औषध होतं ते पाण्यात मिसळून त्यात ओतलं. विहीर लांब होती म्हणून बरं. तेव्हा हातमोजे, मास्क कुणाला माहीत, बाने दातांनी झाकण उघडलं. आज माझ्यासोबतची कुणी असं करताना दिसली तर मी तिला त्याच दिवशी घरी पाठवीन. जुन्या नळ्या मी खराट्याने झाडून काढल्या, फक्त बाने फोडलेली ती एक तशीच ठेवली. आई दिवसभर दर थोड्या वेळाने तिच्यासमोर जाऊन उभी राहत होती. एकदा मी तिला म्हटलं, "बघून भरायची थांबत नाय ती." तर म्हणाली, "मला बघून भरायची लाज तरी वाटंल."

ठरल्या दिवशी उजाडताच दोर, पहारी आणि हसणं-खिदळणं घेऊन माणसं आली. सर्वांच्या पुढे काकी. "सखे, अंगण सारवून ठेवलंय बरं का! तुझ्यासारखं नाय जमलं, पण चालंल." बा काही न बोलता सगळ्यांना घराच्या मागे घेऊन गेला. आई आली नाही. ती चुलीपाशी भाताच्या हंड्याकडे बघत बसून राहिली. मीच गेले. बाने नळीत बोट घातलं, वर नेलं, खाली आणलं. चिमटीत माती चुरली. कोरडी ठणठणीत. उघडी होती तशी उघडी, आत एक किडा नाही.

"कुंदे," बा मला म्हणाला, "आयेला सांग, भात शिजू दे. पहारी लागतील, घर उतरवायचं नाय. एक मेढ बदलायचीय."

गड्यांपैकी एकजण बाला म्हणाला, "मग दोर कशाला आणवले रं लहानू? झोका बांधायला?" पण कुणी चिडलं नाही. काम कमी आणि जेवण तेवढंच, चिडायचं कशाला? त्यांनी कोपऱ्याच्या तुळईला खालून टेकू देऊन छप्पर उचलून धरलं, बाने सडलेली मेढ काढली, शेताच्या बांधावरचा सपाट दगड आणून खड्ड्यात तळखडा म्हणून बसवला आणि नवी मेढ मातीत न पुरता त्यावर उभी केली. काकी तेवढा वेळ पागोळीखाली उभी राहून सगळ्यांना सांगत होती की उधई अशी जात नसते, तिच्या माहेरी वांगणीला एकाने असंच केलं होतं आणि त्याचं काय झालं ते विचारूच नका. कुणी विचारलं नाही. मग कोंबडीचा रस्सा आणि भात, आणि भात वाढता वाढता आईने चिंध्या सोडून टाकल्या. हात बरे झाले होते. बरे केव्हाच झाले असावेत, असा मला संशय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शेणाची पाटी घेऊन मागच्या भिंतीसमोर बसली. तिचे हात शिवशिवत होते. मी चुलीतून कोळसा आणला, भिंतीच्या बुडापासून माझ्या हाताची वीत टेकवत टेकवत आडवी रेघ मारली. "याच्या खाली नाय," मी म्हटलं. "खालची उघडी राहू दे. आले तर दिसतील." आईने माझ्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. मग सारवायला लागली. वरची भिंत तिच्या चंद्रकोरींनी भरून आली आणि रेघेपाशी तिचा हात प्रत्येक वेळी थांबला, जसा घोडा खड्ड्यापाशी थांबतो तसा, नाखुशीने. खालची पट्टी मळकट, उघडी, लाज आणणारी. तेवढ्यात काकी पाण्याची कळशी घेऊन आली, मुद्दाम लांबच्या वाटेने.

"काय गं सखे, शेण संपलं कं?"

आई जन्मात काकीला उलट बोलली नव्हती. "शेण हाय," ती हात न थांबवता म्हणाली. "तुमच्या घरी किती मेढी वाजतात, जाऊबाई?"

काकीला काही कळलं नाही. मला कळलं. मी मुसळ उचललं आणि काकीच्या मागोमाग तिच्या घरी गेले, ती सगळी वाट बोलत होती. तिच्या पुढच्या मेढीवर ठोकलं. भद. पुढची. भद. मागच्या दाराची, जिच्याशेजारी आमची चूल मांडली जाणार होती, ती. भद, आणि वरून डोक्यावर माती. काकी बोलायची थांबली. मी तिला त्यापूर्वी गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. मग मी ओच्यातला कोळसा काढला, खाली बसले आणि तिच्या भिंतीला वीत लावली.